दात मोजून घेतलेली जीप

आमच्याकडं बैल घेताना आधी दात बघतात. शिंगं, वशिंड, खूर हे सगळं नंतर. घेणारा माणूस बैलाचा ओठ वर करतो आणि विकणाऱ्याचं बोलणं तिथंच थांबतं. आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला. एवढ्या चार-पाच शब्दांत जनावराचं वय ठरतं आणि वयावरून किंमत.

मोटारीचे दात मोजणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो १९८६ च्या उन्हाळ्यात, इस्लापुरात. स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका मिस्त्रींची पत्र्याची शेड होती. गाडी माझ्या मामूची. जुनी, उघडी, ताडपत्रीच्या टपाची जीप. मिस्त्रींनी तिचं मागचं एक चाक जॅकवर उचललं, चाकावर खडूनं एक रेघ मारली, इंजिनाकडून मागं येणाऱ्या शाफ्टावर दुसरी रेघ मारली आणि मला म्हणाले, "मी चाक दोनदा फिरवतो. तू शाफ्टाच्या फेऱ्या मोज." मी मोजल्या. पाच झाल्या आणि वर एक तिहाईहून जरा जास्त. मिस्त्री म्हणाले, "आठ आणि त्रेचाळीस. हा शेताचा दात आहे."

मी त्या वेळी अठरा वर्षांचा, नांदेडला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. गणितात दहावीला काठावर पास झालेला. तरी त्या दोन आकड्यांनी मला त्या दिवशी धरलं ते धरलंच. पुढं आयुष्यभर कविता लिहिल्या, पण जुनी गाडी दिसली की आजही वाकून तिच्या मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा बघतो.

त्या गोळ्यात काय असतं ते आधी सांगतो. इंजिनाकडून आलेल्या शाफ्टाच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असतं, त्याला पिनियन म्हणतात. ते एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं, ते क्राउन. मामूच्या जीपच्या पिनियनला ८ दात होते आणि क्राउनला ४३. त्रेचाळीसला आठानं भागा, ५.३८ येतात. म्हणजे शाफ्ट ५.३८ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. हा आकडा जितका मोठा तितकी ओढ जास्त आणि पळ कमी. आकडा लहान केला की गाडी पळते, पण चढावर दम टाकते. लोक इथं नेहमी फसतात, कारण मोठा आकडा म्हणजे मोठा वेग असं वाटतं. आहे उलटं.

त्याच गोळ्यात आणखी एक युक्ती असते. मळणीच्या खळ्यात तिवड्याजवळचा बैल थोडं चालतो आणि कडेच्या बैलाला मोठा फेरा पडतो, तरी पात एकच असते. वळणावर मोटारीच्या आतल्या आणि बाहेरच्या चाकाचं तसंच होतं. दोन्ही चाकांना आपापल्या वाट्याचं चालू देणारी ही दातांची रचना म्हणजे डिफरन्शियल. पॅरिसच्या एका घड्याळजीनं, पेकर त्याचं नाव, १८२० च्या दशकात ती वाफेच्या गाडीसाठी केली होती. आमचे ड्रायव्हर तिला डिफ्रंशन म्हणत. मिस्त्री तर नुसतं 'मागचं' म्हणत.

पण 'शेताचा दात' म्हणजे काय, हे मिस्त्रींनी मला त्या दिवशी धड सांगितलं नाही. ते कळायला पुढं बरीच वर्षं गेली.

जीप ही लढाईत जन्मलेली गाडी. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा केल्या. त्या लष्करी जीपच्या क्राउनला ३९ दात, पिनियनला ८. भागाकार ४.८८. लढाईत माणसं आणि हलका सामान न्यायचा, म्हणून तेवढं पुरेसं होतं. १९४५ मध्ये लढाई संपली आणि विलिस कंपनीपुढं प्रश्न आला की आता ही गाडी घेणार कोण? त्यांनी शेतकऱ्याकडं पाहिलं. नांगर ओढायचा, ओझ्याची गाडी जोडायची, तर ओढ जास्त हवी. मग नागरी जीप काढताना त्यांनी क्राउनचे चार दात वाढवले. ३९ चे ४३ झाले. तलवारीचा फाळ केला म्हणतात, तो इथं चार दातांत झाला.

आणि हीच शेताची जीप आपल्याकडं आली. १९४५ च्या ऑक्टोबरात महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मुहंमद यांनी मिळून एक पोलादाचा व्यापार करणारी कंपनी काढली. तिचं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद'. हे गुलाम मुहंमद त्याआधी काही वर्षं निजामाच्या हैदराबाद संस्थानात अर्थखातं सांभाळत होते. म्हणजे आमच्या आजोबांनी भरलेल्या शेतसाऱ्याचा हिशोब शेवटी ज्यांच्या मेजावर जायचा, ते गृहस्थ. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढं गव्हर्नर जनरलही झाले. १९४८ मध्ये कंपनीच्या पाटीवरचा 'मोहम्मद' जाऊन तिथं दुसरा 'महिंद्रा' आला. पाटीवर मात्र दोन्हीकडं 'एम'च राहिला. विलिसच्या जीपा सुट्या भागांत मुंबईला येऊ लागल्या होत्या, त्या माझगावला जोडल्या जाऊ लागल्या. बोनेटवर 'महिंद्रा', आतल्या गोळ्यात ८ आणि ४३.

आमच्या नानांनी पहिली जीप पाहिली ती मात्र माझगावची नव्हे. ती सप्टेंबर १९४८ ची, पोलीस ॲक्शनमधली, लष्कराची. ते एवढंच सांगत की गाडी लहान होती आणि ओढा न थांबता उतरून गेली. त्या दिवसांबद्दल याहून जास्त ते कधी बोलले नाहीत आणि आम्हीही खोदून विचारलं नाही.

तेव्हा इस्लापूर आदिलाबाद जिल्ह्यात होतं, बोथ तालुक्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट तालुका आणि इस्लापूरचं सर्कल नांदेड जिल्ह्यात आलं. कायद्यात इस्लापूर सर्कलचा उल्लेख किनवटहून वेगळा केलेला आहे, आम्हा गावकऱ्यांना त्याचा उगाच अभिमान. जिल्हा बदलला, राज्य बदललं, रस्ते मात्र तेच राहिले. एका बाजूला पैनगंगा, सहस्रकुंडाचा धबधबा आणि पलीकडं यवतमाळ जिल्हा. दुसऱ्या बाजूला सागवानाचं जंगल, डोंगर, त्यात गोंडांची गावं आणि बंजाऱ्यांचे तांडे. मीटरगेजची आगगाडी होती, एसटी होती. पण डोंगरात शिरायचं तर पायी, बैलगाडी, नाही तर जीप.

आता जरा लांब जातो, अमेरिकेत. तिकडचं मला कळलं ते हैदराबादला. आबिड्सच्या फुटपाथवर रविवारी जुनी पुस्तकं मांडतात, तिथं एकदा दिवाणांच्या आणि वह्यांच्या गठ्ठ्यात मोटारींची जुनी अमेरिकन मासिकं मिळाली. ती वाचताना मी चमकलो, कारण पानापानावर आमच्या मिस्त्रींचाच विषय होता.

१९६४ मध्ये पॉन्टिॲक कंपनीनं जीटीओ नावाची गाडी काढली. मध्यम आकाराच्या गाडीत आठ सिलिंडरचं ६.४ लिटरचं इंजिन. आमच्या जीपच्या मानानं जवळजवळ तिप्पट. तिच्यामागून सगळ्याच कंपन्यांनी अशा गाड्या काढल्या आणि त्यांना 'मसल कार' हे नाव पडलं, म्हणजे दंडबेटकुळ्यांच्या गाड्या. या गाड्या घेणारा पोरगा दुकानात जाऊन रंग निवडायचा, सीटं निवडायचा आणि मागचे दातसुद्धा निवडायचा. क्रायस्लरवाल्यांकडं ३.२३, ३.५५, ३.९१, ४.१० असे आकडे छापील यादीत असत. मासिकांना वाचकांची पत्रं यायची ती याच गोष्टीची. मी कोणता घेऊ?

उत्तर देणारे एकच विचारत, गाडी कुठं चालवणार? त्यांच्याकडं पाव मैलाची, म्हणजे चारशे मीटरच्या आसपासची, सरळ शर्यत असे. तिथला ठोकताळा असा होता की शेवटची रेघ ओलांडताना इंजिन आपल्या पूर्ण ताकदीच्या फेऱ्यांवर असलं पाहिजे. रेघ यायच्या आधीच इंजिनाचा दम संपला तर दात जास्त झाले. रेघ आली तरी इंजिन अजून झोपेतच, तर दात कमी पडले. त्यात टायरचाही हिशोब धरावा लागे. टायर उंच घातलं की एका फेऱ्यात गाडी जास्त जाते, म्हणजे न उघडताच दात कमी केल्यासारखं होतं. ४.१० घेणारा शर्यतीत जिंकायचा आणि घरी जाताना महामार्गावर त्याचं इंजिन डोकं उठवायचं, पेट्रोल वेगळं. ३.२३ वाला आरामात शंभर मैल जायचा, पण सिग्नल सुटला की मागं राहायचा. बरेच जण शेवटी ३.५५ वर यायचे. मला त्या पोरांचा हेवा वाटला. निवड चुकली तरी त्यांचं जास्तीत जास्त काय जायचं? एक शर्यत.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि हा खेळ आटपला. अमेरिकेत गाड्यांचे मागचे आकडे पेट्रोल वाचवण्यासाठी खाली खाली आले, ३ च्याही खाली गेले. त्याच तेलाच्या भाववाढीनं इकडं आमच्या मुलखात उलटंच काम केलं. इथं लोकांनी दात तसेच ठेवले आणि इंजिनच उपटून काढलं. पेट्रोल परवडेना, डिझेल स्वस्त. महिंद्रांचा इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बरोबरीनं ट्रॅक्टर निघत होता, बी-२७५. त्या जातीचं डिझेल इंजिन जीपमध्ये बसू लागलं. कंपनीनं बसवलं आणि गावोगावच्या मिस्त्रींनीही बसवलं.

मामूनंही बसवून घेतलं, आणि तिथून आमची गोष्ट सुरू होते. पेट्रोलचं इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांपर्यंत जायचं. डिझेलचं अडीच हजारांच्या पुढं नेलं की सगळी गाडी थरथरायची. मागं दात शेताचे. हिशोब करा. चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या थोडा वर. अडीच हजार फेऱ्यांना ५.३८ नं भागलं की गाडीचा वेग येतो तासाला साधारण ६३ किलोमीटर. तोही सपाट रस्त्यावर आणि कान बधिर करून. मामू किनवटच्या रस्त्याला सीटं भरायचा. मागून निघालेली एसटी पुढं जायची आणि नव्या जीपा तर हात दाखवून जायच्या. सीटं कमी होत चालली. घरात मामीचं तोंड, बाहेर हप्ता.

मी सुट्टीत घरी होतो. मिस्त्रींकडं लष्कराच्या लिलावातल्या एका मोडक्या जीपचा मागचा जोड पडला होता, ८ आणि ३९ चा. मीच वहीत गणित केलं. ४.८८ घातले तर तेवढ्याच फेऱ्यांत ७० चा वेग. मामूला वही दाखवली. मामू म्हणाला, "सात किलोमीटर के वास्ते इत्ता खर्चा?" मी म्हटलं, मामू, सात किलोमीटर नाही, एसटीच्या पुढं जाणं आहे ते.

मिस्त्रींनी ऐकून घेतलं. त्यांचे वडील निजामाच्या रोड ट्रान्सपोर्टमध्ये हेल्पर होते. त्या खात्यानं १९३२ साली २७ आल्बियन बसगाड्यांवर काम सुरू केलं होतं आणि तो आकडा मिस्त्री कुराणाची आयत सांगावी तसा सांगत. ते म्हणाले, "बदलायचं तर पुढचंही बदला. जीपला मागं एक गोळा, पुढं एक. दोन्हींचे दात सारखे लागतात." पुढचा जोड त्यांच्याकडं नव्हता. नांदेडहून आणायचा तर मामूच्या दोन महिन्यांच्या कमाईचा. मी म्हटलं, पुढची चाकं जोडायची वेळ किती येते? रस्त्यावर तर मागच्याच चाकांवर चालते. दिवाळीला पुढचं करू.

मिस्त्री माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरा, एका जुवाला दोन बैल. एक अकरा पावलं टाकतो, दुसरा दहा. चिखलात घसरत घसरत चालतील एक वेळ. खडकावर काय होईल?" मग मामूला म्हणाले, "फोर-व्हीलच्या दांड्याला हात लावू नको. दांडा बांधून टाक." मामूनं सुतळीनं दांडा बांधला.

उन्हाळा छान गेला. जीप खरंच पळायला लागली. इंजिनाचा आवाज उतरला, डिझेलही थोडं वाचलं, सीटं परत आली. मामूनं आरशाला नवी झालर लावली. मी नांदेडला जायच्या आधी दोन-तीनदा पुढच्या सीटवर बसून गेलो आणि एसटी मागं टाकली तेव्हा मामूनं माझ्या पाठीवर जोरात थाप मारली. ती थाप अजून आठवते.

सप्टेंबरमध्ये मोहरमची सुट्टी कशाला तरी जोडून मी गावी आलो होतो. पाऊस लागून होता. रात्री अकराच्या सुमाराला डोंगरातल्या तांड्यावरून दोन माणसं आली. सून अडली होती, सकाळपासून. मामू उठला, मी कंदील आणि टॉर्च घेऊन बरोबर गेलो. जाताना गाडी रिकामी, कशीबशी चढली. येताना बाई, तिची सासू, नवरा, आणखी दोघं. नाला उतरलो, आणि पलीकडची चढण लागली. खडकाची चढण, वर पाण्याचा थर. पहिल्या गिअरमध्ये इंजिन बसायला लागलं. आधीचे दात असते तर एक दशांश ओढ जास्त मिळाली असती. तेवढ्यानं ती चढली असती की नाही, हे मी नंतर वहीत कितीदा मांडून पाहिलं आहे.

जीपला एक जादा कमी गिअर असतो, अगदी मुंगीच्या चालीचा. पण तो पुढची चाकं जोडल्याशिवाय पडतच नाही, तशी तिची रचनाच आहे. मामूनं एका हातानं सुतळी ओढून तोडली आणि वीस वर्षांच्या सवयीनं दोन्ही दांडे टाकले. गाडी एकदम जोरात वर निघाली. पंधरा-वीस हात गेली असेल. मग खालून असा आवाज आला की बाईसुद्धा कण्हायची थांबली. ट्रान्सफर केस फुटली होती. मागची चाकं अकरा मागत होती, पुढची दहा, आणि खडक कुणालाच घसरू देत नव्हता.

तिला बाजेवर घालून आम्ही डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. साधारण चार किलोमीटर. मी बाजेचा मागचा उजवा पाय धरला होता. रस्त्यावर बांबूनं भरलेला एक ट्रक थांबला, त्यानं किनवटला नेलं. पहाट झाली होती. बाई वाचली. मूल नाही वाचलं.

उशीर झाला म्हणून, असं कुणी म्हटलं नाही. तांड्यावरच्या माणसांनी म्हटलं नाही, उलट मामूला भाड्याचे पैसे द्यायला आले. मामूनं घेतले नाहीत. मामू मला कधीच काही बोलला नाही. मिस्त्रींनी महिनाभरात जुनी ट्रान्सफर केस मिळवली आणि मागचे त्रेचाळीस दात परत बसवले. मजुरी घेतली नाही. मामूची गाडी पुन्हा ६३ वर आली. एसटी पुढं जायला लागली. रस्त्याची सीटं त्यानं सोडून दिली आणि डोंगरातली भाडी धरली, ज्वारीची पोती, लग्नाची वऱ्हाडं, आजारी माणसं. तेवढ्यावर त्यानं दोन मुलींची लग्नं केली. तांड्यावरून पुढंही बोलावणी येत राहिली. ती सून नंतर दोन मुलांची आई झाली, तिच्या दोन्ही वेळेला हीच जीप होती.

मामू गेला, मिस्त्रीही गेले. शेड होती तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. जीप मामूच्या अंगणात बाभळीखाली कितीतरी वर्षं उभी होती, तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. पाच-सहा वर्षांपूर्वी पुण्याकडचा एक तरुण ती विकत घ्यायला आला. जुन्या जीपा घेऊन नव्यासारख्या करायचा त्याला नाद होता. चांगला मुलगा, अदबीनं बोलणारा. त्यानं वाकून खाली पाहिलं आणि विचारलं, "काका, मागं ओरिजिनल पाच अडतीसच आहे का हो? मला हायवेला चालवायची आहे, चार अठ्ठ्याऐंशी टाकावं म्हणतो."

मी घरातून खडू मागवला. त्यानं गाडीतून जॅक आणला. मागचं चाक उचललं, रेघ मारली, त्यानं चाक दोनदा फिरवलं, मी शाफ्टाच्या फेऱ्या मोजल्या. पाच आणि वर एक तिहाईहून जरा जास्त. तो हात झटकत उठला, म्हणाला, झालं काम.

मी म्हटलं, जॅक पुढं घ्या. पुढचेही मोजू.